पत्रिकेतले शुभ योग कसे शोधायचे: रामाच्या कुंडलीवर सराव

मोबाइलवर जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकलं की दोन मिनिटांत पत्रिका निघते. शेवटच्या पानावर योगांची, म्हणजे शुभ-अशुभ मानलेल्या ग्रहांच्या ठरावीक मांडण्यांची, यादी असते. गजकेसरी, बुधादित्य, शश, अमला, वेशी, आणि प्रत्येकापुढे ‘राजासमान वैभव’, ‘विद्वान, कीर्तिमान’ असं काहीतरी. वाचून बरं वाटतं. मग मेहुण्याची पत्रिका काढावी तर तिथेही त्यातली निम्मी नावं असतात, आणि मेहुण्याचं वैभव तर आपल्याला माहीत असतं.

त्या यादीवर विसंबून न राहता योग स्वतः शोधता यावेत, म्हणून हा लेख. ज्योतिष अजिबात येत नसेल तरी चालेल, बारापर्यंत मोजता आलं म्हणजे झालं. आधीच सांगून ठेवतो की योगाचं नाव सापडणं हे सोपं काम आहे. तो किती जणांच्या वाट्याला येतो, तो करणारा ग्रह किती धडधाकट आहे आणि त्याची दशा (त्याच्या अमलाची वर्षं) आयुष्यात कधी लागते, हे बघण्यात खरा वेळ जातो. यादी छापणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा तेवढंच वगळतं.

सरावासाठी कोणाची तरी पत्रिका हवी. शेजाऱ्यांची नको, भांडणं होतात. आपण रामाची घेऊ. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात रामजन्माचं वर्णन आहे: चैत्र शुद्ध नवमी, पुनर्वसू नक्षत्र, कर्क लग्न, लग्नात चंद्रासह गुरू, आणि पाच ग्रह उच्च. शिकायला यापेक्षा भरगच्च पत्रिका मिळणार नाही.

पायरी १: पत्रिका बरोबर आहे का ते बघा

लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. दिवसभरात बाराही राशी उगवतात, म्हणजे एक लग्न साधारण दोन तास टिकतं. सगळी स्थानं (कुंडलीतली बारा घरं) लग्नापासून मोजायची असल्यामुळे लग्न बदललं की निम्म्याहून अधिक योग बदलतात. तुमचं लग्न राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या दोन-तीन अंशांत असेल तर जन्मवेळ पुन्हा तपासा. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं. ‘सकाळी साडेसातच्या सुमारास’ एवढ्यावर काढलेल्या पत्रिकेत योग शोधायला बसू नका.

आजोबा-आजींची पत्रिका करत असाल तर आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. आणि मुंबईत १९५५ पर्यंत वेगळी ‘मुंबई टाइम’ चालत असे, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. जुन्या टिपणात नुसती वेळ लिहिलेली असेल तर ती कोणत्या घड्याळाची, हे विचारायला हवं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये जन्मलेल्या नातवंडांच्या बाबतीत उन्हाळी वेळेचा असाच घोळ होतो.

यानंतर येतो अयनांश, म्हणजे राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची हे ठरवणारा अंशांचा फरक. सॉफ्टवेअरमध्ये ‘लाहिरी’ किंवा ‘चित्रापक्ष’ निवडा. दाते पंचांगासह आज बहुतेक पंचांगं याच पद्धतीची आहेत. टिळक पंचांग रैवत पक्षाचं आहे आणि दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. चित्रापक्षाने मेषेच्या २८ अंशांवर असलेला ग्रह रैवत पक्षाने वृषभेत जातो. अशा ग्रहाने केलेला योग एका पंचांगात असतो आणि दुसऱ्यात नसतो. कोणतं बरोबर यावर महाराष्ट्रात शंभरावर वर्षं वाद झालेत. तुम्ही त्यात पडू नका, एकच पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. योग दिसेपर्यंत अयनांश बदलत राहणारी माणसंही असतात.

पायरी २: चौकटीतले आकडे वाचायला शिका

आपल्याकडची कुंडली म्हणजे चौकोनात तिरक्या रेघा मारून केलेली बारा घरं. वरचं मधलं घर म्हणजे लग्न, ते कधी हलत नाही. तिथून डाव्या हाताला, घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं. चौथं स्थान डावीकडे मध्यभागी, सातवं खाली मध्यभागी, दहावं उजवीकडे मध्यभागी.

नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो आकड्यांमध्ये. घरात लिहिलेला आकडा राशीचा असतो, स्थानाचा नाही. १ म्हणजे मेष, २ वृषभ, असं १२ म्हणजे मीनपर्यंत. वरच्या घरात ४ लिहिलं असेल तर कर्क लग्न. ते पहिलंच स्थान, चौथं नव्हे.

आता कागदावर कुंडली काढा आणि रामाचे ग्रह मांडा. वरच्या घरात ४ लिहा, डावीकडे ५, ६, ७ असे आकडे भरत या. ४ च्या घरात गुरू आणि चंद्र. बाकीचे चार उच्च ग्रह कोणते, हे काव्यात नावानिशी दिलेलं नाही, पण ते काढता येतं, आणि हा तुमचा पहिला सराव. प्रत्येक ग्रहाची उच्च रास ठरलेली आहे, कंसातले अंश म्हणजे परमोच्च बिंदू:

रवी – मेष (१०), चंद्र – वृषभ (३), मंगळ – मकर (२८), बुध – कन्या (१५), गुरू – कर्क (५), शुक्र – मीन (२७), शनी – तूळ (२०).

उच्च राशीच्या बरोबर समोरची सातवी रास ही त्या ग्रहाची नीच रास.

ग्रह सात. चंद्र कर्केत आहे, म्हणजे तो उच्चीचा नाही. बुध सूर्यापासून २८ अंशांपेक्षा लांब जात नाही. चैत्रात सूर्य मीन-मेषेच्या आसपास असताना बुध कन्येत असूच शकत नाही. दोन गळले, पाच उरले: रवी, मंगळ, गुरू, शुक्र, शनी. परंपरेनेही हेच पाच मानले आहेत. तेव्हा शनी डावीकडच्या ७ मध्ये, मंगळ खाली १० मध्ये, रवी उजवीकडच्या १ मध्ये आणि शुक्र त्याच्या खालच्या त्रिकोणात, १२ मध्ये. बुधाची आणि राहू-केतूंची जागा काव्य सांगत नाही, म्हणून ती घरं मोकळीच ठेवा.

इथे थोडं थांबून एक गणित करून बघा, मजा येईल. पुनर्वसू नक्षत्र कर्केच्या ३ अंश २० कलांवर (६० कलांचा एक अंश) संपतं, म्हणजे मेषारंभापासून ९३ अंश २० कला. शुद्ध नवमीला चंद्र सूर्याच्या किमान ९६ अंश पुढे असावा लागतो. वजाबाकी केली तर सूर्य फार तर मीनेच्या २७ अंश २० कलांवर येतो, मेषेत पोचत नाही. नवमी, पुनर्वसू आणि उच्चीचा रवी ही तिन्ही एका वेळी जमत नाहीत. काव्याला पंचांगाची फूटपट्टी लावायची नसते, त्यामुळे रामनवमीच्या सुंठवड्याला काही बाधा येत नाही. पण एखाद्या संकेतस्थळावर ‘रामाची अचूक जन्मवेळ’ दिसली तर ही वजाबाकी आठवा. आपण सरावापुरता परंपरेचा, मेषेतला रवी धरू.

पायरी ३: मालक कोण, आणि त्याची तब्येत कशी

राशींचे स्वामी पाठच करावे लागतात. मेष-वृश्चिक मंगळाच्या, वृषभ-तूळ शुक्राच्या, मिथुन-कन्या बुधाच्या, कर्क चंद्राची, सिंह रवीची, धनु-मीन गुरूच्या, मकर-कुंभ शनीच्या. आठवडाभरात तोंडी होतात.

ग्रह स्वराशीत किंवा उच्च असेल तर बलवान, नीच असेल तर दुबळा. तिसरी अवस्था यादीत हमखास सुटते, ती म्हणजे अस्त. सूर्याच्या फार जवळ गेलेला ग्रह अस्तंगत होतो. ठोकळ मर्यादा अशा: चंद्र १२ अंश, मंगळ १७, बुध १४ (वक्री, म्हणजे उलट चालीचा, असेल तर १२), गुरू ११, शुक्र १० (वक्री ८), शनी १५. म्हणून नुसती कुंडली पुरत नाही. ग्रहांच्या अंशांचा तक्ताही छापून घ्या. चंद्राच्या बाबतीत तिथीही बघतात. अमावास्येच्या आसपासचा चंद्र क्षीण, पौर्णिमेच्या बाजूचा पूर्णबली.

पायरी ४: पंचमहापुरुष योग

सुरुवात यांच्यापासून करा, कारण नियम स्वच्छ आहे. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी यांपैकी एखादा स्वराशीत किंवा उच्च राशीत असेल आणि ती रास लग्नापासून केंद्रात, म्हणजे १, ४, ७, १० यांपैकी एका स्थानी असेल, तर योग झाला. मंगळाचा रुचक, बुधाचा भद्र, गुरूचा हंस, शुक्राचा मालव्य, शनीचा शश. रवी-चंद्रांचा यात समावेश नाही.

ग्रह बघण्याआधी लग्नावरूनच बरंच काही ठरतं. लग्न चर असेल (मेष, कर्क, तूळ, मकर) तर केंद्रात चारही राशी चरच येतात. स्थिर असेल (वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ) तर चारही स्थिर. द्विस्वभाव असेल (मिथुन, कन्या, धनु, मीन) तर चारही द्विस्वभाव. म्हणून भद्र योग फक्त द्विस्वभाव लग्नांनाच होतो. हंस स्थिर लग्नांना कधीच होत नाही. रुचक आणि शश द्विस्वभाव लग्नांना होत नाहीत. मालव्य तेवढा सगळ्यांना शक्य आहे. सिंह लग्नाच्या माणसाला कोणी हंस योग सांगितला तर त्याने बहुधा चंद्रापासून मोजलं आहे, किंवा मोजलेलंच नाही.

रामाच्या कुंडलीवर लावून बघा. गुरू उच्च आणि लग्नी, म्हणून हंस. शनी उच्च आणि चौथा, म्हणून शश. मंगळ उच्च आणि सातवा, म्हणून रुचक. शुक्र उच्च असला तरी नवव्या स्थानी आहे. नववं हे त्रिकोण स्थान (१, ५, ९ यांपैकी), केंद्र नव्हे, म्हणून मालव्य नाही. कर्क लग्नाला मालव्य व्हायचा तर शुक्र तुळेत हवा. रवी मेषेत असताना ते शक्य नाही, कारण शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे जात नाही. उच्चीचा रवी आणि चर लग्न ठेवून तीनपेक्षा जास्त महापुरुष योग बसतच नाहीत. ज्याने कोणी ही कुंडली कल्पिली, त्याला ग्रहगती चांगली ठाऊक होती.

आता दुर्मिळपणाचा प्रश्न. शनी जानेवारी २०२० पासून मार्च २०२५ च्या अखेरपर्यंत मकर आणि कुंभ या स्वतःच्या दोन राशींत होता. त्या पाच वर्षांत रोज चार लग्नांवर, म्हणजे दिवसातले साधारण आठ तास, शश योग चालू होता. त्या काळात जन्मलेल्या मुलांपैकी ढोबळमानाने तिसऱ्या हिश्शाच्या पत्रिकांत तो आहे. बालवाडीचा एक वर्ग भरेल इतके शश योगवाले एकट्या कोथरूडमध्ये निघतील. ग्रंथांत शश योगाचं फळ गावाचं किंवा नगराचं आधिपत्य असं सांगितलं आहे. एवढी गावं आणायची कुठून?

म्हणून योग झाला की तिथे थांबायचं नाही. तो ग्रह तुमच्या लग्नाला कोणत्या स्थानांचा मालक आहे ते बघायचं. कर्क लग्नाला शनी सप्तमेश आणि अष्टमेश, म्हणजे सातव्या आणि आठव्या स्थानांचा स्वामी. तो उच्च होऊन चौथ्या स्थानी बसला आहे. चौथं म्हणजे घर, आई, स्वस्थता. इथून त्याची दहावी दृष्टी (आपल्यापासून दहाव्या घरावरची, नियम पायरी ७ मध्ये) लग्नावर, चंद्रावर आणि गुरूवर पडते. अष्टमेशाचं, म्हणजे संकटांच्या स्थानाच्या स्वामीचं, बळ घराच्या स्थानी, असं वाचणारा ज्योतिषी शश योगाचा आनंद जरा बेतानेच मानतो. मंगळाचंही तसंच आहे. रुचक आहे खरा, पण सातव्या स्थानी मंगळ म्हणजे आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर ‘मंगळ आहे’ असा शेरा. उच्चीचा म्हणून परिहार निघाला असता, पण आधी दोन-चार स्थळं परत गेली असती.

पायरी ५: चंद्रापासून मोजा

गजकेसरीची नेहमी दिली जाणारी व्याख्या आहे, चंद्रापासून केंद्रात गुरू. म्हणजे चंद्राच्याच राशीत, किंवा त्याच्यापासून चौथ्या, सातव्या, दहाव्या राशीत. बारांपैकी चार घरं. गुरू एका राशीत सुमारे वर्षभर असतो आणि चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, त्यामुळे दर सत्तावीस दिवसांत साधारण नऊ दिवस गजकेसरी असतो. जगातल्या दर तीन माणसांत एकाला. एवढी कीर्ती पृथ्वीवर मावणार नाही, हे जुन्या आचार्यांनाही दिसत होतं. पाराशरीत (पराशरांच्या नावावरच्या ग्रंथात) अटी जास्त आहेत: गुरू नीच, अस्त किंवा शत्रुराशीत (शत्रू मानलेल्या ग्रहाच्या राशीत) नको आणि त्याच्याशी शुभग्रहाची (बुध, शुक्र, बलवान चंद्र) युती किंवा त्याच्यावर दृष्टी हवी. या चाळणीतून गेल्यावर संख्या बरीच उतरते. सॉफ्टवेअर चाळणी लावतं की नाही, हे आता तुम्हाला स्वतः तपासता येईल. रामाच्या कुंडलीत गुरू-चंद्र एकत्र, गुरू उच्च आणि दोघेही लग्नी. गजकेसरी असावा तर असा.

चंद्राच्या मागच्या-पुढच्या घरांवरून आणखी तीन योग होतात. चंद्रापासून दुसऱ्या राशीत रवी सोडून कोणताही ग्रह असला तर सुनफा, बाराव्यात असला तर अनफा, दोन्हीकडे असले तर दुरुधरा. दोन्ही घरं रिकामी असली तर केमद्रुम, आणि हा अशुभ. राहू-केतू यात धरत नाहीत.

रामाच्या कुंडलीत बघा. चंद्र कर्केत, दुसरी सिंह, बारावी मिथुन. पाचही उच्च ग्रह दुसरीकडे आहेत. बुध, रवी मेषेत असल्यामुळे, मीन, मेष किंवा वृषभ यांतच असणार. म्हणजे दोन्ही घरं रिकामी, आणि केमद्रुम होतो! दारिद्र्याचा म्हणून ज्याची भीती घालतात तोच. पण केमद्रुमाचा भंगही सांगितलेला आहे. चंद्राबरोबर ग्रह असेल, किंवा लग्नापासून वा चंद्रापासून केंद्रात ग्रह असतील, तर तो मोडतो. इथे गुरू मांडीला मांडी लावून बसला आहे आणि तिन्ही बाजूंच्या केंद्रांत उच्च ग्रह आहेत. नुसती यादी वाचणाऱ्याला याच पत्रिकेत केमद्रुम दिसून शांती सुचवता आली असती. अशुभ योग दिसला की आधी त्याचा भंग शोधायचा, ही सवय लावून घ्या.

चंद्र-मंगळ एकत्र किंवा समोरासमोर असले की आपल्याकडे त्याला लक्ष्मीयोग म्हणतात. इथे ते समोरासमोर आहेत. चंद्रापासून सहाव्या, सातव्या, आठव्या स्थानी बुध, गुरू, शुक्र असतील तर अधियोग, आणि लग्नापासून किंवा चंद्रापासून दहाव्यात शुभग्रह असेल तर अमला. हे दोन्ही बघून पुढे जा.

पायरी ६: बुधादित्य

रवी आणि बुध एका राशीत. बुध सूर्याची पाठ सोडत नाही, तेव्हा तो सूर्याच्या राशीत, एक मागे किंवा एक पुढे एवढ्यातच असतो. साहजिकच हा योग घरोघरी आहे. त्याला वजन द्यायचं तर बुध अस्त नाही ना, आणि तो मिथुन, कन्या किंवा रवीच्या सिंहेत आहे का, एवढं बघा. बाकीचे बुधादित्य वहीत लिहिले नाहीत तरी चालतं.

पायरी ७: राजयोग

इथे वेळ द्या. बाकीचे योग ग्रह कुठे बसला यावर आहेत, राजयोग कोणाचा कोणाशी संबंध यावर आहे. केंद्राचा स्वामी (१, ४, ७, १०) आणि त्रिकोणाचा स्वामी (१, ५, ९) यांचा संबंध आला की राजयोग. संबंध तीन प्रकारांनी येतो: दोघे एका राशीत, दोघांची एकमेकांवर दृष्टी, किंवा दोघे एकमेकांच्या राशीत, ज्याला परिवर्तन किंवा अन्योन्य योग म्हणतात. सगळ्या ग्रहांची सातव्या स्थानावर दृष्टी असते. शिवाय मंगळाची चौथ्या-आठव्यावर, गुरूची पाचव्या-नवव्यावर, शनीची तिसऱ्या-दहाव्यावर.

भाग्येश आणि दशमेश, म्हणजे नवव्या आणि दहाव्या स्थानांचे स्वामी, यांचा संबंध सगळ्यांत वरचा धरतात. त्याला धर्मकर्माधिपती योग म्हणतात.

काही लग्नांना एकच ग्रह केंद्राचाही मालक असतो आणि त्रिकोणाचाही. तो योगकारक. कर्क आणि सिंह लग्नांना मंगळ, वृषभ आणि तूळ लग्नांना शनी, मकर आणि कुंभ लग्नांना शुक्र. तुमचं लग्न या सहांत असेल तर पत्रिका हातात आल्यावर पहिल्यांदा हा ग्रह कुठे आहे ते बघा. लोक शनीला घाबरतात, आणि वृषभ किंवा तूळ लग्नाचा माणूस आपला सगळ्यांत कामाचा ग्रह तेल वाहून शांत करत बसतो.

रामाच्या कुंडलीत मंगळ पंचमेश आणि दशमेश, म्हणजे योगकारक, आणि तोही उच्च. समोर लग्नात भाग्येश गुरू, तोही उच्च. दोघांची परस्पर पूर्ण दृष्टी, म्हणून धर्मकर्माधिपती योग झाला. गुरूशेजारी लग्नेश चंद्र, त्याच्यावरही मंगळाची दृष्टी, म्हणून आणखी एक राजयोग. गुरू षष्ठेशही (सहाव्या स्थानाचा स्वामीही) आहे, तेवढी मिठाची कणी लागतेच. पण या पत्रिकेत काय पाहावं असं मला विचाराल तर मी तीन महापुरुष योगांआधी मंगळ-गुरूची ही जोडी दाखवीन.

धनयोगांची रीत अशीच आहे. धनेश (दुसऱ्याचा), लाभेश (अकराव्याचा), पंचमेश आणि भाग्येश यांचे आपसांतले संबंध शोधा. इथे धनेश रवीवर पंचमेश मंगळाची चौथी दृष्टी आहे आणि लाभेश शुक्रावर भाग्येश गुरूची नववी. या एकतर्फी दृष्टी आहेत. काही अभ्यासक त्यांना पूर्ण संबंध मानत नाहीत आणि मीही त्यांना दुय्यम धरतो.

नीचभंग आणि विपरीत: जपून

नीच ग्रहाच्या राशीचा स्वामी, किंवा त्या राशीत उच्च होणारा ग्रह, लग्नापासून वा चंद्रापासून केंद्रात असेल तर नीचत्व भंगतं, आणि त्याला नीचभंग राजयोग म्हणतात. २१ डिसेंबर २०२० ची गुरू-शनी युती आठवते? संध्याकाळी पश्चिमेला दोघे जवळजवळ चिकटलेले दिसत होते. तेव्हा गुरू मकरेच्या सहाव्या अंशाच्या आसपास, म्हणजे परमनीच बिंदूच्या अगदी शेजारी होता, आणि शेजारी मकरेचा स्वामी शनी स्वगृही. त्या दिवशी चर लग्नावर जन्मलेल्या बाळाला शश योग आणि नीचभंग दोन्ही मिळाले. उदाहरण म्हणून छान आहे. पण नियम इतके सैल आहेत की शोधणाऱ्याला बहुतेक नीच ग्रहांचा भंग सापडतोच. दोन-तीन अटी एकत्र जुळल्याशिवाय मी तो योग मोजत नाही.

विपरीत राजयोग म्हणजे सहाव्या, आठव्या, बाराव्याचे स्वामी याच तीन स्थानांत असणं. अनुक्रमे हर्ष, सरल, विमल अशी नावं आहेत. संकटातून वर येणं असं फळ सांगतात. पहिल्या वर्षी याच्या मागे लागू नका.

पायरी ८: दशा कधी आहे

योग करणारा ग्रह आपलं फळ मुख्यतः आपल्या दशेत देतो, असं शास्त्र मानतं. विंशोत्तरी दशा १२० वर्षांची: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. जन्मनक्षत्राचा स्वामी ती पहिली दशा, आणि नक्षत्राचा जेवढा भाग शिल्लक तेवढीच तिची वर्षं शिल्लक.

पुनर्वसूचा स्वामी गुरू. रामाचा चंद्र कर्केत, म्हणजे पुनर्वसूच्या चौथ्या चरणात (शेवटच्या पाव भागात), म्हणून गुरूच्या सोळांपैकी फार तर चार वर्षं उरलेली. हंस, गजकेसरी, राजयोग, सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या ग्रहाची महादशा रांगण्या-बोलण्याच्या वयातच संपली. लगेच शनीची १९ वर्षं, तोच चतुर्थातला अष्टमेश. पुढे बुध, केतू, शुक्र, रवी, चंद्र असं करत योगकारक मंगळाची दशा उजाडते वयाच्या ७९ ते ८३ च्या दरम्यान. पाच उच्च ग्रह असलेल्या पत्रिकेचं हे वेळापत्रक आहे. तुमच्या पत्रिकेतल्या प्रत्येक योगापुढे त्या ग्रहाच्या महादशेची सुरुवात आणि शेवट लिहा. निम्मे योग बालपणात किंवा नव्वदीत पडलेले दिसतील. त्यांच्यासाठी अंतर्दशांचा (महादशेतल्या पोटदशांचा) आधार घेतात, पण तो पुढचा अभ्यास.

वहीत काय लिहायचं

एका योगाला एक ओळ: नाव, करणारा ग्रह, त्याची रास आणि अंश, अस्त आहे का, तो कोणत्या स्थानांचा मालक, त्याच्यावर कोणाची दृष्टी, महादशेची वर्षं. ओळ पूर्ण भरता आली नाही तर योग वहीत घ्यायचा नाही. दहा-बारा पत्रिका अशा केल्यात की हात बसतो. घरच्यांच्याच करा, आयुष्य माहीत असलेल्या माणसांच्या, आणि वयाने मोठ्यांच्या. लहान मुलांच्या पत्रिकेत काहीही सापडलं तरी ते तपासायला वीस वर्षं थांबावं लागतं.

हे सगळं परंपरेच्या आतलं झालं. बाहेरून तपासायचा एक प्रयत्न पुण्यातच झाला आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि आणखी काही जणांना सोबत घेऊन, १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. अचूकता सरासरी ४६ टक्के निघाली, म्हणजे नाणं उडवून जेवढी येईल तिच्याहूनही थोडी कमी. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीच्या पद्धतीवर ज्योतिष्यांनी आक्षेप घेतले, पण पुढाकार घेऊन त्याहून मोठी चाचणी कोणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी पत्रिका बघतो ती एक जुनी, गुंतागुंतीची, गणिताची गोडी लावणारी विद्या म्हणून. नोकरी सोडायची का, ऑपरेशन करायचं का, मुलगी द्यायची का, हे तिच्यावर ठरवत नाही आणि तुम्हीही ठरवू नये.

आणि कोणी तुमच्या पत्रिकेतला ‘झोपलेला राजयोग’ जागा करायला पुष्कराज किंवा पूजा सुचवली, तर पाकीट काढण्याआधी त्याला तीनच गोष्टी विचारा: ग्रह किती अंशांवर आहे, माझ्या लग्नाला तो कोणत्या स्थानांचा स्वामी, आणि त्याची दशा कोणत्या साली लागते. उत्तरं तोंडावर आली नाहीत तर चहा पिऊन उठा.